४० माणसं, आठवड्याला ३ दिवस ऑफिस: टेबलं किती आणि पैसा कशावर?

वर्धारोडवाला:
नमस्कार मंडळी. नागपूरला वर्धा रोडवर १८०० चौरस फुटांचा हॉल आहे. फर्निचर कोरोनाआधीचं: १५०० बाय ७५० मिमीची एल आकाराची टेबलं, १२०० मिमी उंच पार्टिशन, प्रत्येकाला ड्रॉवर. आता ४० जण आठवड्यातून तीन-तीन दिवस येतात आणि निम्मा वेळ व्हिडिओ कॉलवर असतात. टेबलं किती ठेवावीत? मोटरवर वर-खाली होणारी घ्यावीत का? मिस्त्री पार्टिकल बोर्ड म्हणतोय.

फुटपट्टी:
४० गुणिले ३ भागिले ५, म्हणजे सरासरी २४. पण सरासरीवर मांडणी करू नका भाऊ, मंगळ-बुध-गुरुवारी गर्दी होते न. हजेरीपटातला सगळ्यात भरलेला दिवस धरा. तुमच्याकडे २८ ते ३० लागतील. १२०० बाय ६०० चं टेबल लॅपटॉप आणि एका मॉनिटरला पुरतं. उंच पार्टिशन काढून टेबलावर ३०० ते ४५० मिमीचा पडदा द्या.

जागा ठरलेली नसली की ड्रॉवर निरुपयोगी. त्याऐवजी लॉकर, आणि तेही टेबलांइतके नाही, पूर्ण ४०. ३०० रुंद, ४५० उंच, ४५० खोल. दहा रांगा, चार मजले, म्हणजे तीन मीटर भिंत. यापेक्षा लहान केला तर हेल्मेट आणि बॅग एकत्र मावत नाही.

पश्चिमेच्या खिडकीकडे पाठ किंवा तोंड करून कोणाला बसवू नका. टेबल खिडकीला काटकोनात ठेवा.

प्लाय_पेच:
पार्टिकल बोर्ड एसीच्या हॉलमध्ये चालतो. कूलर असेल तर विसरा. कडेतून ओल शिरते, बोर्ड फुगतो, मग बिजागरीचे स्क्रू पकड सोडतात. टॉपला २५ मिमी बोर्ड आणि चारही कडांना २ मिमी पीव्हीसी पट्टी. खालची, भिंतीकडची कडसुद्धा सोडायची नाही, मिस्त्री नेमकी तीच सोडतात. पॅन्ट्रीत मात्र आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लायच.

मोटरची टेबलं सगळ्यांना नकोत, चार-पाच पुरेत. एका मोटरचं टेबल पूर्ण उंचीवर जास्त डुलतं. दोन मोटरचं आणि तीन टप्प्यांच्या पायांचं घ्या, ते साधारण ६२० ते १२७० मिमी जातं. पॉवर स्ट्रिप टॉपच्या खाली स्क्रूने बसवा, जमिनीकडे एकच वायर जाऊ द्या आणि तिला ७०० मिमी ढील ठेवा. नाहीतर टेबल वर गेलं की प्लग उपटतो.

राहिलेला पैसा खुर्चीत घाला. एकाच खुर्चीवर रोज वेगळा माणूस बसणार, तर सीटची उंची, सीटची खोली आणि हात तिन्ही हलायला हवेत. रेक्झिन नको, आपल्या उन्हाळ्यात पोपडे निघतात. पाठ जाळीची. टेबलाची उंची ७५० मिमीवर पक्की असेल तर बुटक्या माणसाचे पाय लोंबतात, पाच-सहा फूटरेस्ट ठेवा.

कानोसा:
खरा घोळ आवाजाचा आहे आणि त्याच्यावर कोणीच पैसा ठेवत नाही. काचेची केबिन फॉल्स सीलिंगपाशी थांबवली की आवाज वरच्या पोकळीतून शेजारी उतरतो. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्या, निदान सीलिंग ते स्लॅब एवढ्या पट्ट्यात रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरा. १२ मिमीचं फेल्ट भिंतीला चिकटवून खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज अडत नाही. दुकानदार मात्र दोन्ही कामांसाठी तेच विकतो. फेल्टमागे ५० मिमी पोकळी ठेवली तर जाड आवाजावरही काम करतं. समोरासमोरच्या दोन्ही भिंती कोऱ्या ठेवू नका.

एकट्याच्या कॉलसाठी दोन-तीन बूथ घ्या. आत पंखा हवाच आणि तो हवा एसीच्या हॉलमधून ओढतो का बघा. बूथ खिडकीला टेकवला तर एप्रिल-मेमध्ये भट्टी.

मीटिंगचं टेबल स्क्रीनकडे रुंद, मागे निमुळतं घ्या, म्हणजे पुढचा माणूस मागच्याला झाकत नाही. कॅमेरा जमिनीपासून ११०० ते १२०० मिमीवर.

फुटपट्टी:
एक राहिलं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच फिरवतो. एक सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मीटर लावा, एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा. आकडा १००० पीपीएमच्या वर टिकून राहिला तर एक्झॉस्ट आणि समोरच्या बाजूने ताज्या हवेची वाट, दोन्ही करा. नुसता एक्झॉस्ट लावला तर तो दाराच्या फटीतून धूळ ओढत बसतो.