सुप्रिया सुळे यांची संसदेतली कारकीर्द: आकडे कसे वाचायचे?

नवमतदार:
सुप्रिया सुळे यांच्या संसदीय कामावर टिपण लिहितोय. 2006 ते 2009 राज्यसभा, मग 2009 पासून सलग चार वेळा बारामतीतून लोकसभा, एवढा सांगाडा तयार आहे. अडचण पुढे आहे. प्रश्नांच्या संख्येवरून त्यांचं खूप कौतुक होतं, तर दुसरीकडे 'नुसते प्रश्न विचारून काय होतं' असंही ऐकू येतं. मताधिक्य, प्रश्न, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली), हजेरी, यांत वजन कशाला द्यावं?

शून्यप्रहर:
हजेरीला सगळ्यात कमी. ती वर्षानुवर्षं सहीवरून ठरत आली, सदस्य सभागृहात किती वेळ बसला हे त्यातून कळत नाही. मंत्री आणि विरोधी पक्षनेते सही करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी तुलनाही करू नका. शिवाय 19 डिसेंबर 2023 रोजी निलंबित झालेल्या 49 खासदारांत सुळे होत्या. त्या हिवाळी अधिवेशनाचा आकडा घेतलात तर ही तळटीप हवीच.

खरा ऐवज प्रश्नांत आहे, पण एकूण संख्येत नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. कोणाचा प्रश्न यादीत लागेल हे बॅलटवर, म्हणजे सोडतीवर ठरतं, म्हणजे तारांकित प्रश्न कमी दिसले तर तो आळस समजू नका. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात, उरलेल्यांना लेखी उत्तर. सारखे प्रश्न एकत्र जोडतात तेव्हा एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं येतात. संख्या फुगते ती इथे.

म्हणून एकच मंत्रालय निवडा आणि त्याला विचारलेले प्रश्न तारखेनुसार लावा. आधीच्या उत्तरातला धागा पुढच्या प्रश्नात पकडलाय का, ते पाहा. तारांकित असेल तर त्या दिवसाच्या कार्यवाहीतले पूरक प्रश्न, म्हणजे उत्तरावर तिथेच विचारलेले पुढचे प्रश्न वाचा, तयारी तिथे उघडी पडते. 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर आलं की ते आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. पुढे काय झालं हे आश्वासन समितीच्या अहवालांत शोधा. हे काम किचकट आहे, पण टिपणाला कस त्यामुळेच येईल.

फेरीनिहाय:
मताधिक्य असं: 2009 ला 3 लाख 36 हजारांवर, 2014 ला 69,719, 2019 ला 1,55,774, 2024 ला 1,58,333. 2014 ची घसरण सोडू नका. समोर राष्ट्रीय समाज पक्षाचे (रासप) महादेव जानकर होते आणि देशभर मोदी लाट होती. 2024 ची लढत वेगळी मोजावी लागते: राष्ट्रवादी काँग्रेसमधल्या फुटीनंतर घड्याळ हे चिन्ह गेलेलं, नवं चिन्ह तुतारी फुंकणारा माणूस, समोर सुनेत्रा पवार. त्यात एका अपक्षाला नुसती तुतारी हे चिन्ह मिळालं आणि त्याने 14 हजारांवर मतं घेतली. मतदारसंघाची एकूण बेरीज लिहून थांबू नका. दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला असे सहा विधानसभा भाग आहेत. त्यातल्या फक्त खडकवासल्यात त्या मागे राहिल्या. शहरी मतदार तिथे जास्त, हे ध्यानात घ्या.

शुक्रवारचं कामकाज:
खासगी विधेयक मंजूर झालं नाही म्हणून ते अपयश मानणं चुकीचं. आजवर अशी 14 विधेयकंच कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. अशा कामाला शुक्रवारचे अडीच तास, त्यातही चर्चेचा क्रम बॅलटवर. कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचे फोन-ईमेल न घेण्याच्या हक्काचं विधेयक सुळे यांनी डिसेंबर 2018 मध्ये मांडलं. लोकसभा विसर्जित झाली की प्रलंबित विधेयक बाद होतं. डिसेंबर 2025 मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. विषय इतकी वर्षं धरून ठेवला, ही नोंद मला मंजुरीपेक्षा मोलाची वाटते. दोन्ही मसुदे शेजारी ठेवून कलमं ताडून पाहा.

नवमतदार:
उत्तम. आणि खासदार निधी?

शून्यप्रहर:
वर्षाला 5 कोटी, पण पैसा खासदाराच्या हातात येत नाही. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. त्यामुळे शिफारस, मंजुरी आणि पूर्ण झालेली कामं हे तीन रकाने वेगळे ठेवा. कोविडच्या काळात योजना स्थगित होती, त्या वर्षांची सरासरी काढू नका.