टॅक्सीचालकाला वर किती द्यावे, आणि कसे?

सांजवेळ
गेल्या आठवड्यातली गोष्ट मनातून जात नाही, म्हणून विचारते आहे. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. तिला घेऊन रात्री उशिरा टॅक्सीने घरी येत होते. बाहेर पाऊस होता. चालकाने आम्ही बसायच्या आधीच पुढची सीट मागे सरकवून ठेवली, वॉकर घडी करून डिकीत ठेवला आणि आईला "सावकाश बसा, मला घाई नाही" म्हणाला. उतरताना दार धरून तो भिजत उभा राहिला.

मी भाडे दिले. तो सुटे काढू लागला तेव्हा म्हटले, "राहू द्या, तुम्ही आईला एवढी मदत केलीत." तो थबकला. "मदतीचे नको, ताई. भाडे दिलेत ना." मग गाडीतल्या दिव्याखाली सुटे नीट मोजून त्याने माझ्या तळहातावर ठेवले आणि गेला.

माझे काही चुकले का? भाऊ म्हणतो, मीटरने जे होईल ते द्यायचे, वर देण्याची सवयच नको. मला ते पटत नाही, पण मी दिले ते असे परत आले. तुम्ही किती देता, काय म्हणून देता?

वाटसरू
कामानिमित्त बरेच देश फिरलो आहे, त्यामुळे 'किती' या भागाचे सांगतो. सगळीकडे लागू पडेल असा एकच आकडा नाही. अमेरिकेत टॅक्सीचालकाला भाड्याच्या पंधरा-वीस टक्के देणे जवळपास गृहीत असते, काहीच न देणे म्हणजे नाराजी दाखवणे. जर्मनीत रक्कम वरच्या पूर्ण आकड्याला नेतात आणि नोट देतानाच 'श्टिम्ट् झो' म्हणतात, म्हणजे 'बरोबर आहे, सुटे नकोत'. लंडनमध्येही भाडे पूर्ण आकड्यात करणे किंवा दहा टक्क्यांच्या आसपास देणे चालते. जपानमध्ये मात्र देऊच नका. चालक बहुधा सुटे परत करेल, आणि तुम्ही फार आग्रह केलात तर बिचारा अवघडेल. तिथे मागचे दारही चालकच आपल्या जागेवरून उघडतो-मिटतो, आपण हात लावायचा नसतो. चांगली सेवा हा कामाचाच भाग, तिची वेगळी किंमत कशाला, अशी तिथली धारणा आहे.

म्हणून नवीन ठिकाणी पोचलो की पहिल्याच दिवशी तिथे राहणाऱ्या कुणाला तरी विचारून घेतो. टॅक्सीत बसल्यावर अंदाज बांधत बसत नाही.

उंबरठा
सांजवेळ, माझ्या वडिलांनी बावीस वर्षे टॅक्सी चालवली. तुमचा प्रसंग वाचला आणि तेच डोळ्यासमोर आले.

गाडी त्यांची नव्हती. रात्री घरी आले की आधी मालकाच्या पाळीचे पैसे बाजूला निघत, मग इंधनाचे, आणि उरेल ते आमचे. काही दिवस उरतच नसे, कारण प्रवासी मिळो न मिळो, पाळीचे पैसे द्यावेच लागत. वरचे मिळालेले ते शर्टाच्या डाव्या खिशात वेगळे ठेवत आणि हिशेबात धरत नसत. "ते मोजले की माणसांकडे तसे बघायला लागतो," म्हणायचे. म्हणजे हा देईल, हा देणार नाही, असे.

तुमच्या चालकाला पैशांचा राग आला नसावा. त्याने तुमच्या आईसाठी माणूस म्हणून जे केले त्यावर तुम्ही नकळत किंमत लावलीत. 'मदतीबद्दल' हा शब्द वगळून फक्त "सुटे राहू द्या" म्हणाला असतात तर त्याने बहुतेक ठेवले असते. आणि मदतीसाठी पैशांऐवजी शब्द द्यायचे. "आईला तुमच्यामुळे नीट बसता आले" एवढे पुरते. बाबा अशी वाक्ये घरी येऊन सांगायचे. डाव्या खिशात किती जमले ते कधी सांगत नसत.

आणखी एक सांगते. टिप देणारी माणसेही कधी कधी गाडीत बसताना नमस्कार करत नाहीत, चुटकी वाजवून वळायला सांगतात, फोनवर "ड्रायव्हर कुठून नेतोय कोण जाणे" असे मोठ्याने बोलतात. पुढे बसलेल्या माणसाला हे सगळे ऐकू येते. शेवटी हातावर ठेवलेल्या नोटेने ते भरून निघत नाही.

अक्षांश
मी तुमच्या भावाच्या बाजूचा आहे, पण चालकाला कमी लेखून नव्हे. चालकाला पुरेसे मिळावे ही जबाबदारी भाडे ठरवणाऱ्यांची आणि कंपन्यांची आहे. ती प्रवाशाच्या मर्जीवर ढकलली की चालकाचे उत्पन्न त्याच्या कामापेक्षा प्रवाशाच्या स्वभावावर ठरते. उबरने २०१७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅपमधून टिप देण्याची सोय केली. त्यानंतर अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे चार कोटी फेऱ्या तपासल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. जेमतेम १६ टक्के फेऱ्यांवर टिप मिळाली होती. जवळपास ६० टक्के प्रवाशांनी एकदाही दिली नाही, आणि प्रत्येक वेळी देणारे होते फक्त एक टक्का. टिप मिळते की नाही हे चालक कसा आहे यापेक्षा प्रवासी कोण आहे यावर जास्त ठरत होते.

दुसरा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या टॅक्सीफेऱ्यांच्या नोंदींवर येल लॉ जर्नलमध्ये २००५ साली तो प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय चालकांना श्वेतवर्णीयांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी टिप मिळत होती. 'मनाला वाटेल तेवढे देतो' म्हणताना आपल्या मनाला नेमके काय वाटते, कुणाबद्दल वाटते, हे तपासायला हवे.

उंबरठा
अक्षांश, भाड्याबद्दल तुमचे म्हणणे अगदी खरे. बाबांनाही भाडेवाढ हवी होती, बक्षिसी नको होती. पण ती होईपर्यंत रात्रीच्या हिशेबात काही उरावे लागते ना. मन एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी देते हे कळले आहे, तर मनावर सोडूच नका. आपल्या खिशाला झेपेल असा नियम आधीच ठरवा आणि सगळ्यांना तोच लावा. गोड बोलणाऱ्याला आणि गप्प बसणाऱ्याला सारखेच. सामान जड असेल, अवेळ असेल, खूप थांबवले असेल, तर थोडे जास्त.

मैलाचा_दगड
उंबरठा +१. मी अनेक वर्षे हेच करतो. टिप देणे न देणे हा परीक्षेचा निकाल नाही. चालकाने बेफाम गाडी चालवली किंवा मुद्दाम लांबून नेले तर त्याची रीतसर तक्रार करावी, टिप कापून गप्प बसू नये. कापलेल्या टिपेवरून त्याला आपले काय चुकले ते कळत नाही, आणि पुढच्या प्रवाशालाही तोच त्रास होतो.

या कामाकडे 'काय, नुसते चाक फिरवायचे' म्हणून पाहणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. ही परीक्षा १८६५ पासून चालू आहे आणि तयारीला तीन-चार वर्षे सहज जातात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० साली तिथल्या चालकांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला जागा आणि वाटा लक्षात ठेवायला मदत करणारा भाग; त्याची मागची बाजू त्यांच्यात इतरांपेक्षा मोठी दिसली, आणि जितकी वर्षे गाडी चालवली तितकी जास्त. नकाशा फोनवर आला तरी आठ-दहा तास गर्दीत लक्ष जागे ठेवणे हे आजही माणसाचेच काम आहे.

वाटसरू
अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी एक राहिले. पडद्यावर तयार टक्के दिसतात तेव्हा ते आपल्या नियमाशी ताडून बघा, सगळ्यात वरचा किंवा मधला आकडा निमूट दाबू नका. आणि ताऱ्यांखाली दोन शब्द लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. जमेल तिथे मी रोख देतो, आणि ते सुटे आधीच वेगळे काढून ठेवतो. उतरताना पाकीट चाचपत बसलो तर मागच्या गाड्यांचे हॉर्न चालकाला ऐकावे लागतात.

सांजवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी त्याला धन्यवाद म्हटले होते, तूच नव्हते म्हटलेस." खरे आहे ते. मी पाकीट काढण्याच्या घाईत होते.

एकच विचारते. पुन्हा कुणी असे परत केले तर आग्रह करावा का?

उंबरठा
एकदा म्हणावे, "राहू द्या." तरी नको म्हणाले तर सुटे घ्यावे, नाव माहीत असेल तर नावाने निरोप घ्यावा, आणि दार हळू लावावे. बाबांना जोरात आपटलेल्या दाराचा फार त्रास व्हायचा.