रुग्णवाहिका पथकाच्या प्रमुखाने आपले मन कोणापाशी मोकळे करावे?

प्रश्न (पर्यवेक्षक, यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी आपत्कालीन रुग्णवाहिका सेवेत पर्यवेक्षक आहे. खरिपात फवारणीची विषबाधा आणि सर्पदंश, शिवाय वर्षभर महामार्गावरील अपघात, हे आमचे नेहमीचे कॉल. एखादा रुग्ण वाटेत दगावला की गाडीवरचे डॉक्टर मला फोन करतात, पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक, गाडी धुऊन झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसतो, नातेवाइकांचा राग मी झेलतो आणि उशीर का झाला याचा खुलासाही मीच लिहितो. पथकाला धीर देणे हे माझे कर्तव्य आहे व ते मला मनापासून करायचे आहे. परंतु अलीकडे उशाशी ठेवलेला मोबाईल वाजला नसतानाही मी दचकून उठतो आणि घरच्यांशी बोलण्याचे त्राण उरत नाही. हाताखालच्यांपाशी बोललो तर त्यांचा धीर सुटेल, वरिष्ठांपाशी बोललो तर मला अकार्यक्षम ठरवतील, अशी भीती वाटते. मी काय करावे?

उत्तर १ (निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी, वर्धा जिल्हा)

आपण कणखरपणात कमी पडता म्हणून हे होत आहे, असे मुळीच समजू नका. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार तोकडे अशा जागेवर बसलेला माणूस थकणारच. गाडी नादुरुस्त झाल्यास दुसरी देणे आपल्या हाती नसते, जवाब मात्र आपल्यालाच द्यावा लागतो. म्हणून खुलाशात रस्त्याची स्थिती, गाड्यांची उपलब्धता आणि खाटांची अडचण प्रत्येक वेळी स्पष्टपणे नोंदवा, म्हणजे जे आपल्या हातात नव्हते त्याचे ओझे आपल्या मनावर राहणार नाही.

उत्तर २ (मानसशास्त्रज्ञ, नागपूर)

जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ हा आजार न मानता कामाशी निगडित स्थिती मानला आहे आणि त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तिसऱ्या लक्षणाकडे प्रमुखांनी विशेष लक्ष द्यावे, कारण ते स्वतःचे मोजमाप वाचलेल्या रुग्णांवरून न करता दगावलेल्यांवरून करतात. झोपमोड आणि दचकणे काही आठवडे टिकले, किंवा एखादा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागला, तर मात्र तो केवळ थकवा समजू नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

वाईट घटनेनंतर सर्वांना एकत्र बसवून लगेच सगळे वदवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. एकाच बैठकीत केलेल्या अशा सक्तीच्या उजळणीने पुढचा त्रास टळतो असे संशोधनात आढळलेले नाही. त्यापेक्षा पाणी, विश्रांती, घरी निरोप आणि ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकून घेणारे कोणी, एवढे पुरवावे. हे आपल्यालाही लागू आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतून, विनामूल्य बोलता येते. उपचारांची गोपनीयता हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिलेला हक्क आहे, त्यामुळे वरिष्ठांच्या भीतीने थांबू नका.

उत्तर ३ (पर्यवेक्षिका, मेळघाट)

दादा, मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे योग्य आहे, पण आमच्याकडे धारणीहून अमरावतीला रुग्ण न्यायचा तर सेमाडोहचा घाट उतरून परतवाड्यामार्गे जावे लागते आणि मध्ये बराच वेळ मोबाईलला रेंज नसते. गाडी संपर्कात येईपर्यंत पर्यवेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. त्या वेळी ज्याने असा घाट स्वतः पाहिला आहे त्याच्याशीच बोलावेसे वाटते. म्हणून शेजारच्या तालुक्यातील पर्यवेक्षकाशी मी ठरवून बोलते. आम्ही एकमेकांच्या वरही नाही आणि खालीही नाही, त्यामुळे कमीपणा वाटत नाही.

दुसरे, सुटीच्या रात्री फोन नुसता बंद ठेवून उपयोग होत नाही, कारण आपण बेचैन होतो आणि लोक घरी येतात. त्या रात्रीचा प्रभार कोणाकडे आहे हे लेखी काढून घ्या आणि ते नाव व क्रमांक प्रत्येक गाडीत, तसेच ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात लावा.