सुरक्षेबद्दल तोंड उघडलं म्हणून काढलं: युनियन पाठीशी उभी राहिली का?

भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन या विषारी वायूने एक कामगार गेला, तेव्हा तिथल्या युनियनने धोक्याची पत्रकं भिंतींवर लावली होती. पुढचं १९८४ सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात कलम ४१-एच आलं: जिवाला धोका दिसला तर कामगाराने व्यवस्थापनाला आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवायचं. कळवल्यावर नोकरीच गेली तर काय, हे मात्र त्यात नव्हतं; २०२५ मध्ये तो कायदाही गेला. आपापले अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको.

प्रेसवाला, चाकण:
लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बायपास करून प्रेस चालवायला लावत होते. मी हात घातला नाही. चार्जशीट आली ती 'कामास नकार' म्हणून. सुरक्षेचा शब्द औषधालाही नाही! सेक्रेटरीने त्याच रात्री युनियनच्या लेटरहेडवर इन्स्पेक्टरला पत्र टाकलं आणि मेंटेनन्सच्या वहीतल्या बिघाडाच्या नोंदीचा फोटो जोडला. चौकशीत तेवढ्यावरच निभावलं. निलंबन मागे घेतलं, बदली पॅकिंगला. चालतंय, दहाही बोटं आहेत.

ठेक्यावरचा:
तुम्ही परमनंट, म्हणून सेक्रेटरी धावला. आम्ही केमिकल प्लँटला टाक्या धुवायचो. उतरण्याआधी गॅस तपासा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. 'काढलं नाही, ब्रेक दिलाय' असं ठेकेदार म्हणाला. युनियन म्हणाली, तू आमचा सभासद नाहीस. त्या टाकीत परमनंट माणूस कधी उतरत नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

माजी कमिटी मेंबर:
खरी गोम पगारवाढीच्या करारात असते. आमच्याकडे मॅनेजमेंटने सरळ सांगितलं, काढलेल्या त्या एकाचं प्रकरण सोडा, आकडा वाढवतो. कमिटीत हात वर झाले. मी विरोधात होतो, हरलो. तो गडी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २-ए खाली एकटाच लेबर कोर्टात गेला. त्याला युनियनची सही लागत नाही, पण तारखांना पैसा लागतो. शेवटी थोडी रक्कम घेऊन मिटवलं त्याने.

शिफ्ट इन्चार्ज (निवृत्त):
क्रेनचा ब्रेक सुटतो म्हणत ओव्हरटाइम चुकवणारेही पाहिलेत. युनियनने डोळे मिटून प्रत्येकाची बाजू घेऊ नये.

प्रेसवाला:
साहेब, मग ब्रेक तपासायचा ना. माणसाला गेटबाहेर काढून ब्रेक कसा तपासला जातो?

शिफ्ट इन्चार्ज:
ते मान्य.

धागाकर्ता:
एक कामाची गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. काढल्याविरुद्ध दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आलीय. ज्यांचं प्रकरण अजून दाखल व्हायचंय, त्यांनी वकिलाला आधी हेच विचारा. आणि ठेक्यावरचे भाऊ, तुमच्याकडे हजेरी कार्ड किंवा पगाराची पावती आहे का?

ठेक्यावरचा:
गेटपास आहे. त्यावर कंपनीचा शिक्का आहे, ठेकेदाराचा नाही.