विषय: मेंडोलिन, मंगळवारच्या आत सांगा

मंडळी,
मी अजून सोलापुरातच आहे, मंगळवारी रात्री निघतोय. नवी पेठेतल्या दुकानात एक मेंडोलिन बघून आलो. साडेसात हजार सांगतोय, सातला देईल. साधा थेंबासारखा आकार, पाठ सपाट. आवाज मोकळा वाटला, पण तारा फार वर आहेत. दहा मिनिटांत डाव्या हाताच्या बोटांवर दोन-दोन चरे उमटले. मंडळाच्या मुलांच्या वर्गाला चालेल का? गणपतीच्या आत हवंय, ते काय सांगायचं.
– अप्पा

अप्पा, आधी वरची फळी बघा. आवाजाच्या भोकाच्या कडेला थर दिसले तर प्लाय समजा. प्लाय तडकत नाही, पण आवाज आखूड येतो आणि वर्षं गेली तरी खुलत नाही. स्प्रूस म्हणजे सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची अखंड फळी असेल तर सात हजार जास्त नाहीत. वळणदार खांद्याच्या एफ-स्टाईलच्या नादाला लागू नका, त्यात नक्षीची मजुरी भरावी लागते. माझं मेंडोलिन, केंटकी कंपनीचं केएम-१५०, साधं ए-स्टाईलच, म्हणजे थेंबाच्या आकाराचंच आहे, फळी अखंड. माझा हात त्यावरच बसला.
– माई

वाद्यखरेदी सांस्कृतिक समितीकडे आहे, हे एप्रिलच्या बैठकीत ठरलंय. परस्पर कोणी पैसे देऊ नयेत. आणि घ्यायचंच तर मिरजेहून का नको? तानपुरा आपण तिथूनच आणला, अजून कोणी बोट दाखवलेलं नाही.
– बापू

बापू, राग मानू नका, पण समितीने आणलेली बाजाची पेटी आठवते ना? पहिल्याच हिवाळ्यात हीटर सुरू झाले आणि तळाच्या फळीला तडा गेला. मी मेण भरत बसले होते, जानेवारीत, हॉलच्या पायऱ्यांवर. लाकडी वाद्य इकडे हीटरच्या कोरड्या हवेत आणताय तर त्याच्या खोक्यात ओलावा टिकवणारी पुडी हवी, तिचे पैसे आधी धरा.
– वहिनी

तानपुऱ्याचं मान्य, पण मिरज सतार-तानपुऱ्यांची. सतारीचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. मेंडोलिनचे पडदे लाकडात ठोकलेले असतात, तिथे चुकलं की कायमचं बेसूर.

अप्पा, तारा वर आहेत म्हणून वाद्य सोडू नका, ते नीट बसवलेलं नसेल. तिसऱ्या पडद्यावर तार दाबा आणि पहिल्या पडद्यावरची फट बघा. केसाएवढी हवी; जास्त असेल तर वरच्या हाडकाच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा घासून घ्या. मग घोडी, म्हणजे फळीवर तारा पेलणारा लाकडी तुकडा. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. बाराव्या पडद्यावर नुसतं बोट टेकवून निघणारा सूर आणि तोच पडदा दाबून येणारा सूर जुळला पाहिजे. दाबलेला चढा आला तर घोडी शेपटीकडे सरकवा. हे सगळं दुकानातच करून घ्या. मुलांना पहिल्या महिन्यात बोटं दुखली तर ती परत येत नाहीत, व्हायोलिनच्या वर्गात मी हे पाहिलंय. स्वर जी-डी-ए-ई, व्हायोलिनचेच, म्हणजे माझी चार मुलं लगेच बसतील.
– दादा

पण मेंडोलिनला चार जोड्यांच्या आठ तारा कशाला? कर्नाटक संगीतातले मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास एकेरी तारांवर वाजवायचे.
– बापू

ते इलेक्ट्रिक होतं, बापू. साध्या वाद्याला जोडतारा नसतील तर हॉलच्या मागच्या रांगेत काही पोचायचं नाही. आणि हिंदी सिनेमाचे संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मेंडोलिनवर राग वाजवलेच की.
– माई

मंडळी,
आत्ता दुकानात आहे. फळी अखंड निघाली, कड बोटाने चाचपून बघितली. दाबलेला सूर चढा येत होता, घोडी दोन मिलिमीटर मागे घेतल्यावर जुळला. खाचा पोरगा घासतोय, जी-डीच्या झाल्या, ए-ईच्या चालू आहेत. आता बोटं दुखत नाहीत. सात हजार, पिशवीसकट. बापू, पावती मंडळाच्या नावाने करू की माझ्या? दुकान नऊला बंद होतं.
– अप्पा