‘नाही’ म्हणणं आणि ब्रश धुणं

ताई, पूर्ण झालेल्या चित्रावर रात्री दोनला उठून पुन्हा ब्रश फिरवता, आणि ओळखीच्यांची फुकटची कामंही टाळता येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मला ही एकच तक्रार वाटते. थांबायचं कुठे, हे दुसरं कोणीतरी सांगेल अशी वाट बघतोय आपण.

मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो, जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवतो. एका वर्षी दरबाराच्या पडद्यावरचा एकच खांब तीनदा रंगवला. थरावर थर. पडदा गुंडाळताना त्याचे पोपडे विंगेत पडले. प्रेक्षकांना पत्ताही नाही. पहिल्या रांगेतल्या आजी निवांत खाजं खात होत्या.

आता दिवेलागणीला ब्रश धुतो. नंतर सुचलेली दुरुस्ती वहीत, सकाळच्या उजेडात तपासायची. बहुतेक वेळा ती खोटी निघते (पिवळ्या बल्बखाली निळा रंग नेहमीच मळकट दिसतो). फुकट काम वर्षाला एक, ग्रामदेवतेचं. बाकी सगळ्यांकडून अर्धे पैसे आधी. एका मंडळाने यावरून बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे.

आमच्या केरीच्या थोर गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणालाही सहजी तयार होत नसत. तरी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहेच. अर्थात त्या केसरबाई! आपल्याला जरा नरमाईने नाही म्हणावं लागतं.

ते चित्र सध्या भिंतीकडे तोंड करून ठेवा. चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत बघू नका.