चाकणची कंत्राटी नोकरी, पुढचा भरवसा नाही: भावाला काय सांगू?

नगरची_ताई:
धाकटा भाऊ २३ वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. चाकणला इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी आहे, हातात १७ हजार येतात. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की आपली लाइन बंद होणार, ही धास्ती त्याने घेतलीये. नोकरी सोडून पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करतो म्हणतोय. घरची शेती कोरडवाहू, आईबाबांवर भार नको. काय सांगू?

भोसरीकर:
ताई, नोकरी सोडू देऊ नका. राज्यसेवेला पदवी लागते, नुसत्या डिप्लोमावर बसता येत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी काम सांभाळून होते आणि आयोगाला चालते. वयोमर्यादा खुल्या गटालाही ३८ आहे.

त्याची धास्ती मात्र खरी आहे. बॅटरीच्या गाडीत पिस्टन, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर काहीच नसतं. पण ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, बॉडीचे पत्रे लागतातच, आणि ते बनवायला मशीन अन् डाय (साचे) लागतात. त्याला विचारा, नुसता जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावून बटण दाबतो की मशीनचं सेटिंगही करतो? कपात आली की ऑपरेटर आधी जातो, सेटर आणि मेंटेनन्सवाला टिकतो. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) प्रोग्रॅमिंग, पीएलसी (मशीनचं नियंत्रण करणारा छोटा संगणक) शिकू दे. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये असे कोर्स असतात.

हिशेबनीस:
मी पैशाचं सांगतो. पीएफ पगारातून कापला जातो, पण कंत्राटदार तो भरतो का? उमंग ॲपवर पासबुक उघडून दर महिन्याला बघायला सांगा. कंत्राटदार बदलला की पोरं पीएफ काढून मोबाइल घेतात, फार वाईट वाटतं. त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर करायचा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, आणि पेन्शनला १० वर्षांची नोकरी मोजतात, ती तुटते.

पगार २१ हजारांच्या आत म्हणजे ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असणार. अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात, नावं घातलीत का बघा. नोकरी सुटली की हे कवच फार दिवस राहत नाही. म्हणून आधी चार महिन्यांचा खर्च आरडीत साठवू दे. शेअर बाजार, एसआयपी त्यानंतर.

नगरची_ताई:
आत्ताच फोन केला. ऑपरेटरच आहे, सेटिंग येत नाही. पासबुक कधी उघडलंच नाही म्हणाला! कोर्ससाठी सुट्टी मिळणार नाही, मग?

भोसरीकर:
सुट्टी नको. शिफ्ट सुटल्यावर तासभर सेटरजवळ थांबू दे, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देणं आणि टूल बदलणं तिथेच शिकता येतं. सुपरवायझरला आधी विचारून घे म्हणावं. आणि पासबुक आज रात्रीच उघडा. भरणा नसेल तर पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, पीएफ कार्यालयात तक्रार करताना त्याच लागतील.